जुन्या मोटारींतील पेट्रोलची गळती : तिचीं कारणें व उपाय

(डिलाईल रोड, मुंबई येथील एका सेवानिवृत्त महसूल कारकुनाकडून)

सांप्रत आपल्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या घरीं पेट्रोलवर चालणारी एखादी जुनी गाडी असते. कोणाकडे लिलावांत घेतलेली जीप असते, तर कोणाकडे वडिलांच्या वेळची पद्मिनी असते. ह्या गाड्या नित्याच्या कामाला फारशा लागत नाहींत. सणावाराला, लग्नकार्याला किंवा स्टेशनवरून पाहुणे आणण्याला त्या बाहेर निघतात, आणि बाकीचे दिवस गोठ्याला लागून असलेल्या पडवींत, कडब्याच्या गंजीशेजारीं उभ्या राहतात. अशा गाडीखालीं पेट्रोलचा ओला डाग दिसला म्हणजे मालक एखादा डबा खालीं ठेवतो आणि सवड मिळाली म्हणजे मिस्त्रीला दाखवूं असें म्हणतो. ही दिरंगाई पूर्वींहि बरी नव्हती. परंतु आतां ती अगदींच परवडणारी नाहीं. कारण मध्यंतरीं पेट्रोलच बदललें आहे, आणि ज्या वस्तूनें तें बदललें ती बऱ्याच अंशीं आपल्याच उंसापासून निघते. म्हणून हा विषय शेतकऱ्यानें दोन्ही बाजूंनीं समजून घेण्यासारखा आहे.

ह्या गाड्या कोणत्या काळच्या :— आपल्याकडील जुनी जीप ही मूळ अमेरिकेंतील विलिस कंपनीची. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनीनें ती मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला. पद्मिनीची हकीकत तर शेतकऱ्यांस अधिक जवळची आहे. ज्या वालचंद हिराचंद यांनीं १९३३ सालीं नाशिक जिल्ह्यांत रावळगांव येथें व त्यानंतर इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर येथें साखरेचे उद्योग उभे केले, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटालियन फियाट गाडी तयार होऊं लागली व तीच पुढें पद्मिनी ह्या नांवानें घरोघर माहीत झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत कित्येक वर्षें हिचेंच राज्य होतें. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि टॅक्सीस ठरलेली वीस वर्षांची मुदत भरतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. खाजगी मालकांकडे मात्र अशा गाड्या अद्याप आहेत व जपून वापरल्यास चालतात. ह्या दोन्ही गाड्यांची रचना ज्या काळीं झाली त्या काळीं आपल्याकडील पंपावर मिळणारें पेट्रोल बहुधा निर्भेळ असे. त्या पेट्रोलला टिकेल असेंच रबर, बूच, कागद व लुकण त्यांत घातलेलें आहे.

पेट्रोलांत मद्यार्क कसा आला :— उंसाच्या मळीपासून निघणारा मद्यार्क, ज्यास आतां सर्वत्र इथेनॉल म्हणतात, तो मोटारींत जाळण्याची कल्पना नवी नाहीं. १९४८ सालींच त्याविषयीं हिंदुस्थानांत एक कायदा झाला होता. परंतु प्रत्यक्ष प्रयोग २००१ सालीं सुरू झाले, व त्यांसाठीं निवडलेल्या तीन ठिकाणांपैकीं मिरज व मनमाड हीं दोन आपल्या महाराष्ट्रांतील होतीं. २००३ च्या जानेवारीपासून महाराष्ट्र धरून नऊ राज्यांत शेंकडा ५ मद्यार्क मिसळण्याचें ठरलें. २०२२ च्या जूनमध्यें देशाची सरासरी शेंकडा १० वर गेली, २०२३ च्या फेब्रुवारींत शेंकडा २० मिश्रणाची विक्री कांहीं पंपांवर सुरू झाली, आणि २०२५ सालीं तें मिश्रण देशभर पसरलें. आतां हा मद्यार्क केवळ मळीपासून नव्हे, तर उंसाचा रस, मका व तांदळाची कणी यांपासूनहि काढतात. ह्यामुळें साखर कारखान्यांस एक दुसरें उत्पन्न मिळालें व त्याचा लाभ ऊंस लावणारास होतो, ही गोष्ट चांगलीच आहे.

परंतु ह्या मिश्रणास टिकणारे रबर व इतर भाग घालूनच गाड्या बनवाव्यात, हा दंडक एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांस लागू झाला. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींची जीप किंवा पद्मिनी ही त्या हिशेबांत मुळींच नव्हती. तिचे भाग आपणच बदलून घेतले पाहिजेत. मद्यार्काला नांवें ठेवून हें काम होणार नाहीं, आणि ‘गाडी आजवर चालली तशी पुढेंहि चालेल’ असें म्हणूनहि होणार नाहीं.

मद्यार्काचे चार गुण :— गळतीचें मूळ ध्यानांत येण्यासाठीं मद्यार्काचे चार गुण लक्षांत ठेवावे.

पहिला गुण असा कीं, तो जुन्या जातीचें रबर व बुचाचें साल फुगवितो व मऊ करितो. गाडी पुष्कळ दिवस उभी राहून तें वाळलें म्हणजे तेंच रबर आकसतें, कडक होतें व त्यास भेगा पडतात. फुगणें व आकसणें असें वारंवार झालें म्हणजे नळीची पकड सुटते.

दुसरा गुण असा कीं, तो कित्येक पदार्थ विरघळवितो. जुन्या टाकींत वर्षानुवर्षें सांचलेला डिंकासारखा थर तो सोडवितो व ती घाण पुढें ढकलतो. त्या थरानेंच एखादें बारीक भोंक बुजलेलें असेल तर तेंहि उघडें पडतें. पूर्वींचे मिस्त्री सांध्याला लाखेचें द्रावण लावीत. लाख पेट्रोलांत विरघळत नाहीं, परंतु मद्यार्कांत विरघळते. टाकीच्या चिरेवर कपड्याचा साबण घासून गळती थांबविण्याची युक्ति पुष्कळांस माहीत आहे. साबणहि मद्यार्कांत विरघळतो; म्हणून त्या युक्तीवर आतां विसंबूं नये.

तिसरा गुण असा कीं, तो हवेंतील ओलावा ओढून घेतो. थोडें पाणी तो आपल्यांत सामावून ठेवतो. परंतु तें प्रमाणाबाहेर गेलें म्हणजे पाणी व मद्यार्क मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशीं बसतात.

चौथा गुण तिसऱ्यांतूनच निघतो. तळाशीं बसलेलें हें पाणी पोलादी टाकी आंतून गंजवितें व कार्ब्युरेटरच्या जस्त-मिश्रित धातूवर पांढरी भुकटी आणितें. बाहेरून रंगविलेली टाकी आंतून अशी झिजत असते, आणि एके दिवशीं तिच्या तळाला टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र पडतें.

धोका किती आहे :— थेंब लहान दिसतो म्हणून धोका लहान समजूं नये. पेट्रोलचे चाळीस ते पन्नास थेंब मिळून एक मिलिलिटर होतो असें धरल्यास, दर सेकंदास एक थेंब ह्या मानानें एका अहोरात्रांत सुमारें दोन लिटर पेट्रोल जातें. हें झालें पैशाचें नुकसान. परंतु खरा धोका वाफेचा आहे. पेट्रोल शून्याखालीं सुमारें ४० अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींतहि पेटण्याजोगी वाफ सोडतें. मग आपल्या उन्हाळ्याची गोष्टच नको. ही वाफ हवेपेक्षां तिप्पट-चौपट जड असल्यामुळें वर उडून न जातां जमिनीलगत पसरते, खळग्यांत सांचते व दाराच्या फटींतून शेजारच्या खोलींत शिरते. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा दीडच्या सुमारास झालें कीं ती पेट घेऊं शकते. एक लिटर पेट्रोलची सर्व वाफ झाली तर आठ फूट लांब, आठ फूट रुंद व आठ फूट उंच अशी खोली पेटण्याजोग्या हवेनें भरते. त्या खोलींत काडी ओढण्याचीहि गरज नसते. विजेच्या बटणाची ठिणगी पुरते.

महसूल खात्यांत असतां आगीचे जे पंचनामे माझ्या हातांखालून गेले, त्यांत ‘आगीचें निश्चित कारण समजून आलें नाहीं’ हें वाक्य पुष्कळ वेळां असे. कडबा, गोठा, जनावरें, अवजारें यांची यादी मात्र लांब असे. ज्या पडवींत गाडी व वैरण एकत्र असतात तेथें ही यादी लिहिण्याची वेळ येऊं नये, एवढ्यासाठींच हा प्रपंच आहे. जुन्या विलिस जीपचे मालक असतील त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या गाडींत पेट्रोलची टाकी हांकणाराच्या बैठकीच्या थेट खालीं असते.

तपासणी आधीं, पंचनामा मागाहून :— डिलाईल रोडवर, ज्यास आतां ना. म. जोशी मार्ग म्हणतात, लोअर परळ स्थानकाशेजारीं रेल्वेवरचा जुना पूल होता. २०१८ च्या जुलै महिन्यांत अंधेरी येथील एका पुलाचा भाग कोसळल्यावर मुंबईंतील इतर पुलांची तपासणी झाली. तींत हा डिलाईल पूल धोक्याचा ठरला व त्याच महिन्यांत तो रहदारीस बंद झाला. नवा पूल पूर्णपणें खुला होण्यास २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पांच वर्षें लोकांची फार गैरसोय झाली. परंतु हा पूल माणसांसह खालीं आला नाहीं. जुन्या वस्तूची तपासणी तिनें दगा देण्यापूर्वीं करावयाची असते, हा धडा मोटारीलाहि लागू आहे. वर्षांतून दोनदां, म्हणजे पावसाळ्यापूर्वीं व दिवाळीच्या सुमारास, पुढें दिलेली तपासणी केल्यास बहुतेक गळती ठिबकण्याआधींच सांपडते.

तपासणी उघड्यावर व दिवसाउजेडीं करावी. गाडी ढकलून बाहेर आणावी, इंजिन थंड होऊं द्यावें, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. विडी, कंदील, चूल व वेल्डिंगचें काम जवळ नसावें. अंधाऱ्या जागीं पाहण्यासाठीं काडी ओढणें हें तर आत्मघाताचें कृत्य होय. बंद कांचेची विजेरी आधींच पेटवून मग जवळ न्यावी. बादलीभर कोरडी वाळू व भुकटीचें अग्निशामक हाताशीं असावें. जळत्या पेट्रोलवर पाणी ओतूं नये, कारण तें पाण्यावर तरंगत जाऊन आग पसरवितें.

इंधनाचा मार्ग व गळतीच्या जागा :— टाकींतून धातूची नळी, तींतून रबरी नळी, तेथून इंजिनाला लावलेला पंप, पंपांतून पुन्हां नळी व शेवटीं कार्ब्युरेटर, असा हा मार्ग आहे. जमिनीच्या मोजणींत जसें एका हद्दीच्या दगडापासून आरंभ करून क्रमानें पुढें जातात, तसेंच येथें टाकीपासून आरंभ करून एकहि सांधा न सोडतां पुढें जावें. गिरणगांवांतील जुने फिटर सांगत असत कीं, थेंब जेथें पडतो ती गळतीची जागा नव्हे. पेट्रोल नळीच्या पोटावरून वाहत येऊन सर्वांत सखल ठिकाणीं टपकतें. म्हणून सर्व नळ्या व सांधे फडक्यानें पुसून कोरडे करावे, त्यांवर खडूची बारीक भुकटी किंवा अंगाला लावण्याची पावडर भुरभुरावी व कांहीं वेळानें पाहावें. जेथें भुकटी प्रथम ओली होते ती खरी जागा होय.

गळती केव्हां होते ह्यावरूनहि तिची जागा बरीचशी कळते.

(१) गाडी रात्रभर उभी असतां ठिबकत असेल, तर दोष टाकींत, तिच्या तळाच्या बुचांत किंवा टाकीच्या पातळीखालून गेलेल्या नळींत असतो.

(२) टाकी पूर्ण भरल्यावर किंवा चढावर असतांनाच गळत असेल, तर भरण्याच्या तोंडाची रबरी नळी, झांकणाचा वायसर किंवा पेट्रोल दाखविणाऱ्या कांट्याच्या खालचें गॅस्केट पाहावें. पुष्कळ जुन्या गाड्यांत हें गॅस्केट बुचाच्या सालीचें असतें व मद्यार्कानें प्रथम तेंच बिघडतें.

(३) इंजिन चालू असतांनाच गळत असेल, तर पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या भागांत दोष असतो, कारण तेथेंच पेट्रोल दाबाखालीं असतें. ही पाहणी करतांना बॅटरी जोडून इंजिन सुरू करावें लागतें. तें मोकळ्या हवेंत, एका माणसानें बैठकीवर व दुसऱ्यानें दूर उभें राहून करावें, व थेंब दिसतांच इंजिन बंद करावें.

(४) थेंब कोठेंच पडत नाहीं, परंतु गाडी चढावर धापा टाकते व पंपाच्या कांचेच्या वाटींत बुडबुडे दिसतात, अशी स्थिति असेल तर टाकी व पंप यांमधील नळीला भेग आहे. तेथें पंप ओढून घेत असल्यामुळें पेट्रोल बाहेर येण्याऐवजीं हवा आंत जाते. हीहि गळतीच समजावी. गाडी उभी राहिली कीं तीच भेग ठिबकूं लागते.

(५) सर्वांत लबाड गळती पंपाच्या पडद्याची असते. हा रबरी कापडाचा पडदा वर-खालीं होऊन पेट्रोल ओढतो. तो फाटला म्हणजे कधीं पंपाच्या अंगच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल बाहेर येतें, परंतु कधीं तें बाहेर न येतां इंजिनाच्या तेलांत उतरतें. जमिनीवर डाग नाहीं आणि पेट्रोल मात्र कमी होतें, असें दिसल्यास तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल पूर्वींपेक्षां वर चढलेलें, पातळ व पेट्रोलच्या वासाचें असेल तर इंजिन मुळींच सुरू करूं नये. पडदा बदलून व तेल काढून नवें घातल्यावरच गाडी हलवावी. नाहींतर बेअरिंगें घासतात आणि प्रसंगीं इंजिनाच्या पोटांतील वाफ पेट घेते.

(६) कार्ब्युरेटरच्या वरच्या भोंकांतून पेट्रोल उतूं जात असेल तर त्याच्या आंतील सुईच्या झडपेंत कचरा अडकला आहे, किंवा सुई झिजली आहे, किंवा तरंगता पितळी डबा भोंक पडून जड झाला आहे. डबा काढून कानाशीं हलवावा. आंत पेट्रोल असेल तर तें वाजतें. चुलीपासून दूर आणलेल्या गरम पाण्यांत तो बुडविल्यास भोंकांतून बुडबुडे निघतात.

येथें एक खुलासा अवश्य आहे. शेंकडा २० मिश्रणावर गाडी थोडें कमी अंतर जाते, कारण मद्यार्काची उष्णता त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांश कमी असते. निर्भेळ पेट्रोलसाठीं बनवून पुढें शेंकडा १० मिश्रणास जुळविलेल्या मोटारींत ही घट शेंकडा ६ ते ७ येते असा अंदाज नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत दिला आहे. तेवढ्या घटीवरून गळतीचा संशय घेऊं नये. त्याहून पुष्कळ अधिक घट आल्यास मात्र शोध करावा.

दुरुस्ती कशी करावी :— रबरी नळी जुनी असेल तर ती गळेपर्यंत वाट पाहूं नये. पेट्रोलला लागलेली सर्व रबरी नळी एकाच वेळीं बदलावी. कोणाही मालकाला झेपेल असा हा खर्च आहे. दुकानांत केवळ ‘पेट्रोल पाइप’ न मागतां, अंगावर रोमन अक्षरांत एस.ए.ई. जे ३० आर ९ असें छापलेली नळी मागावी. हिला आंतून व्हिटॉनच्या जातीच्या रबराचें अस्तर असतें व तें मद्यार्काला दाद देत नाहीं. पाण्याची किंवा फवारणी पंपाची पारदर्शक नळी कधींहि वापरूं नये. ती थोड्याच दिवसांत कडक होऊन तडकते. नळी धुराड्याच्या तापलेल्या नळापासून दूर व पत्र्याच्या धारेला न घासेल अशी बांधावी. टाकीच्या आंत बुडून राहणारी नळी असेल तर ती त्याच कामासाठीं केलेली घ्यावी, कारण तिला आंतून व बाहेरून दोन्हीकडून पेट्रोल लागतें.

धातूच्या नळीचे सांधे आवळतांना दोन पाने घ्यावे. एकानें मधला तुकडा धरावा व दुसऱ्यानें नट फिरवावा, म्हणजे नळी पिळली जात नाहीं. बेताबाहेर आवळल्यानें सांधा बसत नाहीं, उलट त्याचें तोंड चिरतें. नळाच्या कामांतील पांढरी फीत येथें गुंडाळूं नये. हा सांधा आट्यांवर नव्हे, तर नळीच्या रुंदावलेल्या तोंडावर बसतो. फितीचे धागे मात्र तुटून कार्ब्युरेटरांत जातात. तांब्याची जुनी नळी हादऱ्यांनीं कडक होऊन तडकते. ती बदलतांना पोलादी नळी घ्यावी.

पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचीं गॅस्केटें व सुई हीं बहुधा एकाच पुडक्यांत मिळतात. घेतेवेळीं तीं इथेनॉलला टिकणारीं आहेत काय हें विचारून घ्यावें. कित्येक वर्षें दुकानांत पडून राहिलेला जुना ‘असली’ पडदा, कंपनीच्या डब्यांत असला तरी, आतां उपयोगाचा नाहीं. बुचाच्या गॅस्केटाऐवजीं नव्या जातीच्या रबराचें घालावें. कामानंतर पहिले कांहीं दिवस गाळणी वारंवार पाहावी, कारण टाकींतील सुटलेली घाण तिच्यांत येऊन बसते.

टाकीविषयीं विशेष सावधगिरी सांगणें प्राप्त आहे. टाकीला भोंक पडलें म्हणून ती रिकामी करून गांवच्या वेल्डिंगवाल्याकडे नेणें हा आपल्याकडील नेहमींचा प्रघात आहे व तोच अत्यंत घातक आहे. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षां अधिक भयंकर असते, कारण तींत वाफ व हवा यांचें स्फोटक मिश्रण असतें. पाण्यानें दोन वेळां खळबळून घेतल्यानें तें जात नाहीं. पत्र्याच्या शिवणींत मुरलेलें पेट्रोल उष्णता लागतांच पुन्हां वाफ सोडतें. असें काम वाफेनें टाकी धुण्याची सोय असलेल्या, टाक्या व रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्यावें. दोन गोळ्या मिसळून लावण्याचें लुकण हें घरापर्यंत येण्यापुरतें समजावें. पत्रा जागोजाग झिजला असेल तर ठिगळें न लावितां टाकीच नवी घ्यावी. आंतून लेप द्यावयाचा असल्यास तो मद्यार्काला टिकणारा आहे अशी खात्री करून घ्यावी.

गाडी उभी ठेवावयाची असल्यास :— आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी जाग्यावर राहते व हेच महिने ओलाव्याचे. अर्धी भरलेली टाकी ही सर्वांत वाईट, कारण वरच्या पोकळींत दमट हवा येत-जात राहते. म्हणून पावसाळ्यापूर्वीं पेट्रोल काढून टाकी, नळ्या व कार्ब्युरेटर रिकामे करावे, अथवा टाकी गळत नसल्याची खात्री करून ती कांठोकांठ न भरतां थोडी जागा सोडून भरून ठेवावी व दर पंधरा दिवसांनीं गाडी चालवावी. नळी तोंडांत धरून पेट्रोल ओढण्याची संवय सोडावी. तें फुप्फुसांत गेल्यास जीव धोक्यांत येतो.

काढलेलें पेट्रोल घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत, राहत्या घरापासून व वैरणीपासून दूर ठेवावें. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल परवान्यावांचून ३० लिटरपर्यंतच ठेवतां येतें, व त्यांत धातूचें एक भांडें २५ लिटरहून मोठें असतां कामा नये. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल ठेवणें हें कायद्याला व शहाणपणाला दोहोंनाहि सोडून आहे.

पावसाळ्यानंतर गाडी सुरू करण्यापूर्वीं टाकीच्या तळाचें थोडें पेट्रोल स्वच्छ कांचेच्या बाटलींत काढून पंधरा मिनिटें ठेवावें. तळाशीं वेगळा थर दिसला तर तें पाणी व मद्यार्क होय. तें सर्व काढून टाकल्यावांचून इंजिन फिरवूं नये. आपण घेतों त्या पेट्रोलांत मद्यार्क किती हें पाहावयाचें असल्यास, मापाच्या कांचनळींत १०० मिलिलिटर पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी घालून हलवावें व स्थिर होऊं द्यावें. मद्यार्क पाण्याकडे जातो व खालचा थर वाढतो. तो सुमारें ३० मिलिलिटर झाला तर मद्यार्क शेंकडा २० च्या आसपास आहे असें समजावें. हें पेट्रोल पुन्हां टाकींत घालूं नये.

आज ऊंस लावणारा शेतकरी ह्या व्यवहाराच्या दोन्ही टोंकांस उभा आहे. एका टोंकाला तो मद्यार्काचा कच्चा माल पुरवितो व दुसऱ्या टोंकाला तोच मद्यार्क आपल्या जुन्या गाडींत भरून घेतो. पहिल्या टोंकाचा लाभ तो हिशेबानें घेतो. दुसऱ्या टोंकाची काळजीहि त्यानें तितक्याच हिशेबानें घेतली पाहिजे. गाडी वैरणीपासून वेगळ्या, हवा खेळत्या जागीं उभी करणें, रबरी नळ्या व पडदा वेळींच बदलणें, टाकीला आग न लावूं देणें, आणि वर्षांतून दोनदां टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत क्रमानें तपासणी करणें, इतकें जरी पाळलें तरी वडिलांनीं जपलेली गाडी मुलांच्या हातीं सुखरूप देतां येईल आणि गोठ्यांतील मुक्या जनावरांसहि धोका राहणार नाहीं. ज्यांच्या पडवींत आज गाडीखालीं डबा ठेवलेला आहे त्यांनीं आजच गाडी बाहेर काढावी व सांध्यांवर खडूची भुकटी टाकून पाहावी, अशी विनंति आहे.